उसाच्या कडेचं घर

घर बघायला गेलो तवा मागचं रान उघडं पडलं व्हतं. ऊस तुटून गेलेला, पाचट जाळलेलं, पार ओढ्यापर्यंत नजर जात व्हती. बिल्डरच्या माणसानं स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि म्हणला, "वहिनी, बघा, कायमची मोकळी हवा." माझा नवरा हनुमंत, आळेफाट्याच्या गॅरेजात ग्रीसमधी हात घालून म्हातारा व्हायला आलेला माणूस, त्या दारातच हरखून उभा राहिला. मीबी हरखलेच की! मेंढरामागं हिंडणाऱ्या बापाची लेक मी. चार भिंती, जिना, वर पोरीला वेगळी खोली, पुढल्या दारातनं मागलं दार सरळ दिसतंय. तुटलेला ऊस परत फुटतो, हे सुचायला डोकं ठिकाणावर पाहिजे ना!

पाऊस सरला तोवर ऊस भिंतीवरनं आत डोकवाया लागला. आणि मग आमच्या रो-हाऊसच्या पार्कातली कुत्री कमी व्हायला लागली.

आधी कुणी बोलेना. रो-हाऊस घेतलेली माणसं, बिबट्या हाय म्हणलं तर घरांची किंमत उतरती म्हणून तोंडं मिटून बसली. मग एका दिवशी शेजारच्या आरतीनं तिन्हीसांजेला गॅलरीतनं बघितला. आमच्याच भिंतीवर बसला व्हता, मांजरावानी पाय चाटत. बाई गं, त्या दिवसापासनं माझी झोप गेली. भांडी घासायला मागं गेले की मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावायची, पाठ भिंतीला करायची न्हाई, वाकायचं न्हाई. दिवेलागणीनंतर दाराबाहेर पाऊल न्हाई. माझी समृद्धी पहिलीला जाती, एवढीशी हाय, वाकली तर करडाएवढी दिसती. तिला मागच्या अंगणात जायची बंदीच घातली. हनुमंत हसायचा. "आशे, तू पालावर वाढलीस आणि घाबरतीस?" मी म्हणलं, "पालावर बापाच्या हातात कुऱ्हाड व्हती, भोवती कुत्री व्हती. हितं काय हाय? टाइल्स!"

उसात सळसळ झाली की मी हातातलं काम टाकून कान लावायचे. वाऱ्यानं झाली का त्याच्यानं झाली, कसं कळणार?

सगळ्यांचं एकच चाललेलं, कारखान्याची टोळी कधी येती. एकदाचा ऊस तुटला की सुटलो. आली बाबा टोळी. ज्याचा ऊस, ते गोरखभाऊ सकाळीच पार्काच्या गेटवर आले, सगळ्यांना बोलावलं आणि म्हणले, "तुमच्या रस्त्यानं ट्रॅक्टर आत घेऊ द्या. म्हंजे तोड तुमच्या भिंतीपासनं सुरू करतो. आत जे काय आसंल ते मागं मागं सरकत ओढ्याकडं जाईल. त्याची वाट त्येला मोकळी ऱ्हाईल."

आता हे काय नवीन सांगणं व्हतं का? आमच्यातला कुणी शहरातनं आलेला न्हाई. कुणी पेठचा, कुणी घाटघरचा, सगळे याच मातीतले. घराच्या अंगानं तोडत जायचं आणि रानाची बाजू उघडी ठेवायची, हे शेंबड्या पोरालाबी ठाऊक. पण रस्त्यावर नुकतेच पेव्हर ब्लॉक बसवलेले ना! लाल-पिवळे, नागमोडी. सगळ्यांनी वर्गणी काढून बसवलेले.

आमचे सेक्रेटरी सुदर्शनभाऊ, आरतीचा नवरा. पतसंस्थेत नोकरी, बोलणं गोड, कपड्याची इस्त्री मोडायची न्हाई. ते म्हणाले, "गोरखराव, भरलेला ट्रॅक्टर या ब्लॉकवरून गेला तर राहतील का ते? तुम्ही ओढ्याकडून गाडीवाट काढा."

"मंग तोड तिकडनं सुरू हुईल," गोरखभाऊ म्हणले. "शेवटचा तुकडा तुमच्या भिंतीला राहील. इचार करा राव."

"दिवसाढवळ्या एवढी माणसं, कोयते, ट्रॅक्टरचा आवाज. कुठलं जनावर थांबतंय?" सुदर्शनभाऊ हसले. "रात्रीच पळून जाईल ते."

हात वर करा म्हणले. वर झाले की सगळ्यांचे! माझ्या नवऱ्याचाबी. मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की अजून निळा हाय. म्हणला, "अगं, ब्लॉकला आपनबी पैसे दिलेत." आग लागो त्या ब्लॉकला!

तोड ओढ्याकडनं सुरू झाली. वरच्या खोलीतनं आमी रोज बघायचो, हिरवं कमी कमी होत आमच्याकडं सरकत व्हतं. समृद्धी टाळ्या पिटायची. मला मात्र ते बघवत नव्हतं. जेवढा ऊस कमी, तेवढा तो जवळ, दुसरं काय? हनुमंत म्हणायचा, गेला असंल कधीच. मी म्हणायचे, तुझ्या कानात सांगून गेला का?

शेवटच्या दिवशी दुपारी भिंतीलगत उसाची एक पट्टी तेवढी उरली व्हती. समृद्धीला ताप, म्हणून शाळा बुडवून वर झोपलेली. हनुमंत गॅरेजला. मी मागच्या दारात उभी राहून टोळीवाल्यांना पाणी दिलं आणि तेवढ्यात पुढं गॅसवाल्यानं हाळी दिली. मोकळी टाकी उचलली आणि पुढल्या दारातनं गेटपर्यंत गेले. मागचं दार उघडं. एवढंच. टाकी खाली ठेवतीय तोच मागं आरडा झाला, "आला! आला! आला!"

मी वळले. पुढल्या दारातनं मागलं दार सरळ दिसतं म्हणलं ना, त्या दारात तो उभा व्हता. उजेड मागनं, त्यामुळं आधी नुसता काळा. मग आत आला. माझ्या ओट्याजवळनं, माझ्या फ्रीजजवळनं, पोट खाली घालून, आवाज न करता. टोळीवाले मागनं बोंबलत व्हते म्हणून त्याला परत फिरता येईना. माझ्याकडं बघितलं त्यानं. माझी बोबडी वळली. गॅसवाला टाकी टाकून पळाला, ती टाकी धडाडधूम करत ब्लॉकवरनं गडगडली, आणि त्या आवाजानं तो बिचकला आणि जिन्यावर चढला.

जिन्यावर! आणि वर माझी पोर!

माझ्या घशातनं आवाजच फुटंना. तेवढ्यात बाजूच्या गेटमधनं सुदर्शनभाऊ धावत आले, मला खांद्यानं बाजूला सारलं, दार ओढलं आणि बाहेरनं कडी घातली. "मागचं दार ओढा रे!" असं पलीकडं ओरडले. मागचंबी दार लागल्याचं ऐकू आलं. "सापडला!" ते म्हणाले. घामानं निथळत व्हते. "वनखात्याला फोन करा कुणीतरी! सापडला, आत कोंडला!" आजूबाजूच्या गच्च्यांवरनं टाळ्या पडल्या. खरंच सांगते, टाळ्या पडल्या.

तवा कुठं माझा आवाज फुटला. "समू वर हाय! माझी समू वर हाय!"

सुदर्शनभाऊ पांढरे पडले. "काय सांगता! मला काय माहीत, वहिनी? देवाशप्पथ! शाळेचा वार ना आज?"

मी कडीला हात घातला. कुणीतरी मागनं माझा पदर ओढला, म्हणलं, "उघडू नका, बाहेर पोरंबाळं हायत!" मी त्या हाताला कडकडून चावले. कुणाचा हात ते आजवर ठाऊक न्हाई. दुसरं कुणी म्हणत व्हतं, वनखात्याची गाडी निघालीय, दम धरा. दम धरा! तुमची आत असती तर धरला असता का रे मुडद्यांनो? मी कडी काढली, दार सताड उघडलं आणि पायातली चप्पल काढून जिन्याच्या कठड्यावर बडवली. "चल! भायेर हो! हाड!" मेंढरातनं लांडगा हाकलतात तशी किंचाळले. काय सुचतंय, काय करतीय, काही कळत नव्हतं. वरनं एक पिवळं धूड उसळलं, माझ्या अंगाला घासून गेलं. त्याचा वास अजून नाकात हाय. दारातनं बाहेर, ब्लॉकवर, पळापळ, किंकाळ्या, दारं धाडधाड लागली. आणि मग कुठं गेला, कुणाला दिसलं न्हाई.

मी वर गेले. खोलीचं दार आतनं लावलेलं, दारावर नखांच्या चार लांब चिरा. "समू, मी हाय." दार उघडलं. पोर तापानं फणफणलेली, पण धडधाकट. मी तिला कवटाळून तिथंच जिन्यावर बसले आणि गळा काढून रडले.

वनखात्याची माणसं आली, पार्क पालथा घातला, पाण्याच्या टाक्या, जिन्याखालच्या सांदी, सगळं बघितलं. तो मिळाला न्हाई. लोक मला नको नको ते बोलले. कोंडलेला सोडला हिनं, आता कुणाच्या घरात हाय कुणास ठाऊक. एकटे सुदर्शनभाऊ बोलले न्हाईत. माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले, डोळ्यांत पाणी. "वहिनी, माझ्या हातून पाप झालं असतं." मलाच त्यांची कणव आली. म्हणलं, "जाऊ द्या भाऊ, तुमाला काय ठाऊक व्हतं?" च्या करून दिला मी त्यांना. हनुमंतानं त्यांना मिठी मारली.

दिवे लागले. हनुमंत वनखात्याच्या माणसांबरोबर बॅटरी घेऊन फिरत व्हता. मी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि समूला मांडीवर घेऊन मऊ भात भरवत बसले. म्हणलं, "माझी वाघीण ती! दार लावायचं बरं सुचलं गं तुला."

"मी खिडकीत होते," ती म्हणाली. "शेजारचे काका खाली त्यांच्या फुलझाडांना पाणी घालत होते. मी हाक मारली, काका, वाघ आमच्या जिन्यात आलाय, मला घ्या."

माझा हात ताटातच राहिला. "मग?"

"काकांनी वर बघितलं. असं केलं." तिनं भाताचं बोट ओठांवर ठेवलं. "मग ते पळत आले. मला वाटलं मला घ्यायला आले. पण कडी लावली. म्हणून मग मीपण लावली."

पोर चूळ भरायला पाणी मागत व्हती, आणि मी दाराच्या कडीकडं बघत व्हते.

तेवढ्यात पुढल्या दारावर थाप पडली. "वहिनी, मी सुदर्शन. आरतीनं समूसाठी शिरा केलाय. झोपली का बाळ?"

"काका!" म्हणत समू मांडीवरनं उतरली आणि दाराकडं निघाली. मी मागनं तिचा फ्रॉक धरला, ओढून जवळ घेतली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.