नोल्व्हियाचा खांदा आणि माझी सुई

मी बोलतेय, चोलोमा शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यातली ओव्हरलॉक शिलाई मशीन. आमच्या हॉलमध्ये इतका खडखडाट असतो की बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलतात. मला मात्र त्यांचं मन हातांवरून कळतं.

मी खोक्यातून बाहेर आले तेव्हा माझ्यावर पहिल्यांदा बसली ती नोल्व्हिया. तिनं माझ्या डोक्यावर सुयापाच्या माउलीचं, इथल्या लोकांच्या देवमातेचं, चित्र चिकटवलं. तेव्हापासून आम्ही दोघी शर्टाला बाह्या जोडतो आहोत. त्या बाह्यांनीच तिचा उजवा खांदा खाल्ला. आता तो वर होत नाही. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि शेजारच्या मशीनवरच्या दिग्नाला.

इथे सगळं काम टीमवर चालतं. कुणी कॉलर लावते, कुणी बाही, कुणी खालची पट्टी. प्रत्येक टीमवर एक दिवा असतो. टीम मागे पडली की तो लाल होतो, आणि मग सगळ्या माना जिच्यापुढे गठ्ठे साचलेत तिच्याकडे वळतात. मला त्या दिव्याचं फार भय वाटतं.

मग नवा इंजिनियर आला. टीम नव्यानं पाडायच्या होत्या. कुणाचा हात किती चालतो ते तो एक दिवस बघणार होता. हॉलभर कुजबुज झाली: ज्यांचा हात हळू चालतो त्या बायकांची एकच टीम करणार, आणि काम कमी झालं की तीच टीम घरी पाठवणार. चाळिशी उलटलेल्या बाईला चोलोमात दुसरा कारखाना दारातही उभं करत नाही. नोल्व्हियाचे हात माझ्या पत्र्यावर गार पडले होते.

"तोंड काय पाडून बसलीस?" दिग्ना म्हणाली. "गठ्ठे टेबलाखालून इकडे सरकव. शिवून तुझ्याच टोपलीत टाकते."

"त्यानं बघितलं तर?"

"बघायला वाकावं लागेल. पोट पाहिलंस त्याचं?"

नोल्व्हिया हसली. त्या दिवशी तिची टोपली शिगोशीग भरली. "नोल्व्हियाबाई, तुम्ही तर पोरींना लाजवलंत," इंजिनियर म्हणाला. दुपारी दोघींनी राजमा भरलेली एक बलेआदा पोळी अर्धी अर्धी खाल्ली. मलाही वाटलं, वाचलो.

सोमवारी नव्या टीमच्या याद्या लागल्या. नोल्व्हियाला सगळ्यात वेगवान टीममध्ये घातलं होतं, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. दिग्ना जिथल्या तिथे राहिली.

"हे आपणच केलं गं," दिग्ना म्हणाली. बाई जाईल तिकडे तिची मशीन जाते, म्हणून मलाही ढकलत नेलं.

इथल्या पोरींचे हात पाण्यासारखे वाहतात. टेबलाखालून कुणी काही घेत नाही. आमच्यापुढे गठ्ठे साचले आणि दिवा लाल झाला.

"आजी, जाग्या आहात ना?" मागून एकजण म्हणाली. "का उशी आणू?"

सगळ्या माना वळल्या. नोल्व्हियानं मान वर केली नाही. तिनं उजवं कोपर बरगडीला टेकवलं आणि बाही डाव्या हातानं माझ्याकडे ढकलली.

माझ्या हातात एकच गोष्ट आहे. मशीन बंद पडली तर तो वेळ बाईच्या माथी मारत नाहीत. बगलेची जाड शिवण आली, आणि मी सुई मोडू दिली. नोल्व्हियानं हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. तेवढीच तिची विश्रांती.

एलव्हिन मेकॅनिकनं सुई बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलली, तेव्हा मला थोपटत म्हणाला, "म्हातारी खराब झाली. आणखी एकदा मोडली तर भंगारात."

भंगार मी पाहिलं आहे. मागच्या अंगणात, पावसात, एकावर एक.

आज सकाळपासून दिवा लालच आहे. मघाशी बगलेची शिवण आली. नोल्व्हियाच्या खांद्यातून कळ गेली, ती मला चाकापर्यंत जाणवली. मी पुन्हा सुई मोडली.

आता ती डोळे मिटून बसली आहे. बोट माउलीच्या चित्रावर आहे. हॉलच्या पलीकडून एलव्हिन पाना घेऊन निघाला आहे.

एलव्हिन, बाबा, तुला ऐकू येत असेल तर एवढं कर. हळू ये.