दुसरा प्रश्न

"एकवीस, बावीस, तेवीस," सासू मोठ्याने मोजत होती आणि त्या आकड्यांच्या ठेक्यावर सून सासऱ्यांची, नानांची छाती दाबत होती. नाना गॅलरीच्या दारात, ओल्या फरशीवर उताणे पडले होते. झाडांना पाणी घालायची नळी त्यांच्या पायाशी अजून वाहत होती. ती बंद करायला कोणी उठलं नव्हतं.

सुनेची मनगटं भरून आली होती, पण तिचं लक्ष पुन्हा पुन्हा पाण्याकडे जात होतं. पाणी उंबरठा ओलांडून बैठकीतल्या तिसऱ्या फरशीपर्यंत पोहोचलं होतं. नवरा परगावी गेलेला. ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती, सासू न्हाणीघरात होती. चहा करायला म्हणून ती उठली तेव्हा पायाला ओल लागली. नाना नेमके कधी पडले, हे त्या पाण्यालाच ठाऊक. पाच मिनिटं झाली असतील? की आठ? दर मिनिटामागे आशा किती घटते, ते तिला तोंडपाठ होतं. तेच तिचं काम होतं.

"काही हालचाल आहे का गं?" मोजणं थांबवून सासूने विचारलं.

"आई, तुम्ही मोजत राहा."

फोन केल्यापासून नवव्या मिनिटाला रुग्णवाहिका आली. एक चष्मेवाली बाई, पन्नाशीची, आणि तिचा रुंद खांद्यांचा जोडीदार. त्याने एका शब्दाविना सुनेची जागा घेतली. बाईने नानांचा बनियन कापून छातीवर दोन पट्ट्या चिकटवल्या. यंत्र कोरड्या आवाजात बोललं, "शॉकची गरज नाही."

सासूचा चेहरा उजळला. "गरज नाही म्हणजे बरं आहे ना?"

जोडीदार छाती दाबतच राहिला. सुनेला अर्थ ठाऊक होता. हृदय इतकं निपचित होतं की शॉक देऊनही उपयोग नव्हता.

इंजेक्शन झालं, दुसरं झालं. दर दोन मिनिटांनी यंत्र तेच सांगत राहिलं. वीस मिनिटं भरली तशी बाईने टॅब्लेट हातात घेतला.

"पाच प्रश्न आहेत. पटकन सांगा."

ते पाच प्रश्न सुनेनेच बनवले होते. रुग्णवाहिका सेवेच्या कचेरीत बसून, बारा हजार नोंदी चाळून. दुसऱ्या प्रश्नातल्या एकेका शब्दावर तीन आठवडे वाद झाला होता. कोणी पडताना पाहिलं नसेल, शॉक देता आला नसेल आणि वीस मिनिटांत नाडी आली नसेल, तर पडद्यावर जगण्याची शंभरात एकाहूनही कमी शक्यता दिसायची. मग नियंत्रण कक्षातल्या डॉक्टरांना फोन, आणि बहुतेक वेळा, "आता थांबा, प्रयत्न पुरे." बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं, थांबायला मन धजणार नाही. तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "एक गाडी अडकली की पुढच्या घराला उशीर होतो." ते तिला आजही पटत होतं.

"वय?"

"बहात्तर."

"पडताना कोणी पाहिलं? किंवा पडल्याचा आवाज ऐकला?"

"हो," सून म्हणाली. "मी पाहिलं. माझ्यासमोरच पडले."

सासूने वळून तिच्याकडे पाहिलं. सासूच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, घाईत गाउन उलटा चढवलेला होता.

"मीही पाहिलं," सासू म्हणाली.

बाईने त्या केसांकडे पाहिलं, मग बैठकीभर पसरलेल्या पाण्याकडे. बोट पडद्यावर जरासं अडलं. मग तिने "हो"वर खूण केली आणि जोडीदाराला म्हणाली, "चालू ठेव."

सव्विसाव्या मिनिटाला तिने हात वर केला. दोन बोटं नानांच्या गळ्यावर टेकवली. घरात फक्त नळीचा आवाज होता.

"नाडी आहे," ती म्हणाली. "उचला. सावकाश."

नाना महिन्याने घरी आले. डाव्या हाताची पकड गेली होती, शब्द शोधावे लागत. पण पेपर मुद्दाम उलटा धरून वाचल्याचं सोंग करत आणि सासूला हसवत. त्या सकाळबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. एकदाच, कपड्यांच्या घड्या घालताना सासू म्हणाली, "मी तर न्हाणीघरात होते."

"माहीत आहे, आई."

तिमाही नोंदींची फाइल आली तेव्हा सून कचेरीत होती. फाइलमध्ये नावं नसत, फक्त तारीख, वेळ, भाग. नानांची ओळ तिला लगेच सापडली. दुसरा प्रश्न: हो. निकाल: जिवंत, घरी सोडले.

खोट्या नोंदी वेचून काढणं हेही तिचंच काम. तिने "हो" पुसून "नाही" केलं. पडद्यावर चौकट उघडली: दुरुस्तीचं कारण लिहा. तिने लिहिलं: मी तिथे होते. कोणी पाहिलं नव्हतं. खाली स्वतःचं नाव घातलं. नोकरीवर गदा आली तर येवो. तिला हलकं वाटलं.

मग ती पुढे सरकली. तोच दिवस, तोच भाग. नानांसाठी बाईने टॅब्लेट हातात घेतला, त्यानंतर आठ मिनिटांनी आलेला फोन. जवळची गाडी: कामात. दुसरी गाडी पोहोचायला लागलेला वेळ: एकोणीस मिनिटं. वय: एकोणचाळीस. दुसरा प्रश्न: हो. शॉक: दिला. निकाल: मृत.

तिने ती ओळ दोनदा वाचली. वेळा ताडून पाहिल्या; कामात असलेली गाडी नानांपाशीच होती. सगळं बरोबर होतं.

"झाली का फाइल साफ?" शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "एका ओळीपाशी थांबले आहे."