धरणीबाबा आणि जावयाचा पायगुण

"धरणी पाऊल ओळखते, बाळांनो!" कपडे धुण्याच्या भल्यामोठ्या मशीनवर मांडी ठोकून धरणीबाबा गरजले आणि अख्खी गल्ली माना डोलवू लागली. सासूबाईंच्या लॉन्ड्रीमागचं अंगण, त्यात काँक्रीटचा स्लॅब, त्याच्या बरोबर मधोमध मशीन आणि मशीनवर बाबा. पण खाली साधी चीर नाही!

हेच मशीन गेल्या आठवड्यात मी दाराकडच्या कोपऱ्यात ठेवलं आणि कोपरा तडकला. मी पडलो घरजावई. खापर फोडायला याहून सोयीचं डोकं कुठलं? "जावयाचा पायगुण खोटा," असं बाबांनी निदान केलं आणि आज मशीनवर बसायची परीक्षा ठेवली. नापास झालो, तर मी घराबाहेर. बॅग भरून तयार होती.

"या जावईबापू, आता तुम्ही." बाबांनी मधाळ आवाजात मागचा कोपरा दाखवला. मशीन ढकलगाडीवरून तिकडं नेऊन उतरवलं, मी वर चढलो. कडाड!

"पाहिलंत?" बाबा म्हणाले. सासूबाईंनी एका हातानं डोळे पुसले आणि दुसऱ्यानं माझी बॅग पुढे केली.

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते. ती पुढे आली.

"बाबा, तुम्ही नेहमी मधोमधच का हो बसता?"

"तिथं धरणीची नाभी असते, बाळ."

"मग आज कोपऱ्यात बसा की. तुमचा पायगुण तर सोन्यासारखा!"

"आज... आज माझं मौन आहे."

"मग बोलू नका, नुसते बसा!" गल्लीतला न्हावी म्हणाला. भक्तांनीच हौसेनं मशीन तिसऱ्या कोपऱ्यात नेलं आणि बाबांना उचलून वर बसवलं. कडाड! मशीन कललं, बाबा घसरले ते थेट साबणाच्या टबात.

मग बायकोनं मशीन मधोमध नेऊन मला वर बसवलं. काही झालं नाही. मी मुद्दाम दोन उड्याही मारल्या.

"आई, गादीच्या टोकावर बसलं की काय होतं?" बायकोनं सासूबाईंना विचारलं.

"घसरते गं. परवाच आपटले."

"आणि मधे?"

"मधे चहूबाजूंची गादी सावरते."

"स्लॅबचंही तसंच. मधल्या वजनाला चारही बाजूंचं काँक्रीट हात देतं. कडेला निम्मंच उरतं, कोपऱ्यात त्याहून कमी. म्हणून कडा जाड ओतायच्या, नाहीतर वजन आत ठेवायचं."

"अहो, मला काय शिकवता!" फेसातून बाबा फणकारले. "दहा वर्षं फरशीचे ठेके घेतलेत मी!"

मग सासूबाईंनी ती भरलेली बॅग बाबांच्या हातात कोंबली. "निघा!"

"आई, माझे कपडे आहेत त्यात!" मी ओरडलो.

तेव्हा मंडळी, काही तडकलं तर माणसाचा पायगुण काढू नका. वजन कुठं ठेवलं होतं, ते आधी बघा. आणि चमत्कार करणाऱ्याला एकदा जागा बदलायला सांगा. माझे सदरे मात्र अजून परत आलेले नाहीत.