उगेतबाईंच्या अळंब्या

उगेतबाईंनी वाइन ओतताना ग्लासच्या आत बोट धरलं, आणि आर्मेलचा घास तोंडातच राहिला.

बोटाला वाइन लागली तशी बाईंनी बाटली सरळ केली, बोट रुमालाला पुसलं आणि ग्लास सुनेपुढे सरकवला. सगळं इतकं सफाईने, की दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. पण आर्मेल सकाळपासून पाळतच ठेवून होती. त्यासाठीच तर नवऱ्याने, तान्गीने, तिला लिऑंहून इकडे मोंफ्लेरला पाठवलं होतं. आईचं एकटीचं नीट चाललंय का बघून ये, म्हणाला होता, आणि एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक स्वतःच्या हाताने तिच्या पर्समध्ये सरकवलं होतं. सकाळी स्टेशनवर सासूबाई गालाला गाल लावायला भलत्याच बाईपुढे झाल्या, तेव्हा सगळेच हसले होते. जेवताना मिठाची वाटी दोनदा चाचपडून सापडली, तेव्हा आर्मेलला हसू आलं नव्हतं. आणि आता हे बोट.

म्हणजे बाईंना दिसत नव्हतं. अंधुक वगैरे नाही, जवळजवळ नाहीच.

"आजी, ऑम्लेट संपलं?" सहा वर्षांची लेओनी पावाने ताट पुसत होती.

"संपलं गं राणी. दोनदा तर घेतलंस! या वर्षी अळंब्याच तशा आल्यात."

"कुठून आणल्या?" आर्मेलने आवाज शक्य तितका सहज ठेवला.

"आणल्या काय? वेचल्या. माझ्या जागेवरून."

"तुम्ही स्वतः?"

"नाही, बिशप आले होते टोपली घेऊन! अगं, ती जागा मी पाद्रीबाबांना सांगितलेली नाही, तान्गीला सांगितलेली नाही. मरताना लेओनीच्या कानात सांगेन, बस्स."

आर्मेलने ताटाकडे पाहिलं. पिवळ्या अंड्यात तपकिरी तुकडे. शिजल्यावर सगळ्या अळंब्या सारख्याच दिसतात. त्या भागात दर ऑक्टोबरात पेपरात एक तरी बातमी असतेच, एक टोपली आणि अख्खं घर दवाखान्यात. ती बातमी ती दरवर्षी वाचायची आणि पान उलटायची. आता ती फोन घेऊन टेबलावरून उठली.

न्हाणीघराची कडी लावून तिने विषबाधा केंद्राला फोन केला. पलीकडची बाई शांत होती, आणि त्या शांतपणाचीच आर्मेलला जास्त भीती वाटली. कधी खाल्ल्या? साडेबाराला. मुलीने किती खाल्लं? दोनदा. त्रास होतोय का? नाही. "त्रास लगेच होत नाही, मादाम. वाईट जातीची असेल तर सहा ते बारा तास काहीच कळत नाही. उरलंसुरलं घेऊन जवळच्या औषधवाल्याला ताबडतोब दाखवा. तो नुसता 'शंका आहे' म्हणाला, तरी सरळ दवाखाना."

दवाखाना चाळीस किलोमीटरवर होता, आणि मायलेकी आल्या होत्या रेल्वेने. आर्मेलने ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यातून अळंब्यांचे देठ आणि सालं काढून पेपरात बांधली. सगळी, अगदी मातीसकट. बाहेर आली तर लेओनी सोफ्यावर आडवी झालेली.

"आई, पोट दुखतंय."

आर्मेलने तिला खसकन उभी केली.

"कुठे निघालीस?" टेबलाशी बसलेल्या उगेतबाईंनी विचारलं.

"औषध आणते. डोकं चढलंय."

"एक वाजलाय. तो औषधवाला लेस्कूर दोनशिवाय दुकान उघडत नाही."

"बघते."

"आणि पोरीला कशाला नेतेस?"

आर्मेल लेओनीच्या पायात बूट चढवू लागली. उगेतबाई रुमालाची घडी घालत होत्या. घातली, मोडली, परत घातली.

"आर्मेल," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "काही नाही. कोट घाल तिला. वारा आहे."

मोंफ्लेरमध्ये बारा ते दोन मरायचीसुद्धा सोय नाही. डॉक्टर, पाद्री, शवपेट्या करणारा, सगळे जेवायला बसलेले असतात. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या मिटलेल्या होत्या आणि आतून काट्याचमच्यांचे आवाज येत होते. आर्मेल मुलीला ओढत दगडी उतारावरून जवळजवळ धावत होती. लेओनीला वाटेत मांजर दिसलं, ती थांबली, आणि आर्मेल तिच्यावर अशी ओरडली की मांजरही पळालं. पोरगी रडायला लागली. रडतेय म्हणजे शुद्धीवर आहे, आर्मेलच्या मनात आलं, आणि आपण हे काय विचार करतोय म्हणून तिलाच रडू फुटलं.

औषधांच्या दुकानाचं दार बंद होतं. वर राहत्या घराची घंटा होती. तिने बोट दाबलं ते काढलंच नाही.

मस्यू लेस्कूर गळ्यातल्या रुमालासकट खाली आले. साठीचे गृहस्थ, तोंडात अजून घास.

"आग लागलीय का बाई कुठे?"

"अळंब्या," आर्मेल म्हणाली.

पुढे काही सांगावं लागलं नाही. त्या एका शब्दाला कुठलाही औषधवाला ताटावरून उठतो. शरदात गावातली प्रत्येक टोपली आधी त्याच्या काउंटरवर येते, मग कढईत जाते. लेस्कूरनी दिवा लावला, चष्मा चढवला आणि पेपर उलगडला.

"कोणाकडच्या?"

"उगेतबाईंकडच्या. मी त्यांची सून. हिने दोनदा खाल्ल्या, हिचं पोट दुखतंय..."

लेस्कूरनी चष्मा काढला आणि पेपरची घडी पुन्हा घातली.

"मग काळजी नको."

"अहो, तुम्ही नीट बघितलंही नाही!"

"सकाळी नऊला बघितल्यात. विकतही मीच आणल्यात." ते लेओनीकडे वळले. "काय गं, ऑम्लेट दोनदा. आणि वर?"

"सफरचंदाचा टार्ट," लेओनी हुंदका देत म्हणाली. "तीन तुकडे."

"मग दुखेल नाही तर काय होईल?"

आर्मेल तिथल्या वजनकाट्यावरच बसली. लेस्कूरनी तिला पाणी दिलं आणि काउंटरला टेकून हळू आवाजात सांगायला लागले.

"गेल्या वर्षी त्यांच्या टोपलीत एक हिरवट टोपीची निघाली. ती एकटी चार माणसांना मारायला पुरली असती. मी त्यांना दाखवली. त्यांनी मान हलवली, पण बघत होत्या माझ्या कोटाच्या बटणाकडे. पुढच्या शनिवारी टोपलीत काय असावं? पाला, झाडाची सालं आणि कोणाचा तरी हातमोजा. तेव्हापासून मी टोपली आत नेतो, रिकामी करतो, बाजारातून आणलेल्या भरतो, आणि म्हणतो, वा मादाम, काय नजर आहे तुमची!"

"आणि घरी कोणाला कळवलं नाहीत?"

"कोणाला कळवू? मुलगा येतो नाताळला."

तिने मुलीचं नाक पुसलं आणि उठली.

परत आली तेव्हा उगेतबाई दारातल्या बाकावर बसल्या होत्या. अंगात तो जुना निळा कोट. एकतीस वर्षं याच कोटात त्यांनी बाहेरगावच्या माणसांना मोंफ्लेर दाखवलं होतं. लेओनी मांजर शोधायला अंगणात पळाली.

"काय म्हणाला लेस्कूर?" बाईंनी विचारलं. "बऱ्या होत्या का त्याच्या अळंब्या?"

आर्मेल बघतच राहिली. "तुम्हाला माहीत आहे?"

"माझ्या जागेवरच्या पिवळ्या अळंबीला जर्दाळूचा वास येतो. त्याच्या अळंब्यांना फ्रिजचा. नाक शाबूत आहे अजून माझं."

"मग ती टोपली?"

"गावाच्या तटाखालचा पाला भरते. त्याला फेकायला काहीतरी नको? बायको गेल्यापासून तो माणूस एवढ्यासाठीच बाजारात जातो. जाऊ दे की." त्या थांबल्या. "माझे डोळे गेलेत हे मला तुमच्या सगळ्यांच्या आधी कळलंय, पोरी. मी वेचलेलं माझ्या नातीला घातलं असतं का?"

"मग बोलला का नाहीत? भीतीने जीव गेला माझा! रस्त्याने काय काय आलं माझ्या मनात!"

"तोंडाशी आलं होतं. न्हाणीघरातला तुझा आवाज ऐकू येत होता मला. पण ते सांगायचं म्हणजे दिसत नाही हेही सांगायचं." त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "मघाशी तुझी पर्स खुर्चीवरून पडली, ती उचलताना एक कागद हाताला लागला. गुळगुळीत. इतक्या महागाच्या कागदावर कोणी चांगली बातमी छापत नाही. मीही घाबरले होते गं. चुकलंच माझं."

आर्मेलला राग आला होता, आणि खूप आला होता. पण तो कुठे ठेवावा हे कळेना. ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली. लेओनी मांजरामागे पळून दमेपर्यंत दोघी तिथेच होत्या.

घड्याळाने तीनचे ठोके दिले तशा उगेतबाई उठल्या. "चला. तट बघायचाय ना लेओनीला?"

"आई, आज नको," आर्मेल म्हणाली.

"तीनची फेरी मी पावसातही चुकवली नाही."

मोंफ्लेरचा तट आठशे वर्षांचा आहे. बुरुजापुढे थोड्या अंतरावर त्याचा कठडा संपतो, तो थेट दक्षिणेच्या वळणापर्यंत नाही. एका बाजूला घरांच्या परसबागा, दुसऱ्या बाजूला खाली नदी. उगेतबाई नातीचं बोट धरून पुढे चालल्या होत्या. आर्मेल चार पावलं मागे, हात नकळत पुढे केलेले. "या बुरुजाच्या पायऱ्या, सात," त्या म्हणत होत्या, "आता चाळीस पावलं सरळ." कठडा संपला तिथे बोलणं न थांबवता त्यांनी लेओनीला उजवीकडून डावीकडे घेतलं, परसबागांच्या बाजूला, आणि नदीच्या बाजूला स्वतः झाल्या.

आर्मेलचा फोन वाजला. तान्गी.

"काय म्हणते आई? दाखवलास का तो कागद?"

"आम्ही तटावर आहोत."

"तटावर? आईबरोबर? अगं, तिला नीट दिसतं ना?"

पुढे लेओनी काहीतरी विचारत होती आणि उगेतबाई हाताने नदीपलीकडचं टोक दाखवत होत्या, अगदी बरोबर जागी.

"त्या पुढे आहेत," आर्मेल म्हणाली. "आम्ही त्यांच्या मागे."

तो काही म्हणायच्या आत तिने फोन ठेवला आणि भराभर पावलं उचलली, कारण त्या दोघी वळणाआड जात होत्या.