मन्सूर तांडेलाची चक्कर

मासेमारीची बोट चालवणाऱ्या मन्सूर तांडेलाने रमजान ईदला बिडी सोडली आणि अख्ख्या मिरकरवाडा बंदराची करमणूक केली. महिनाभर दिवसा रोजा आणि इफ्तारनंतर बिडी असं चाललं होतं. ईदच्या सकाळी त्याने उरलेला बिड्यांचा कट्टा आपल्या खलाशांत वाटून टाकला. हे आठवडाभरही टिकायचं नाही, यावर जेटीवर सगळ्यांचं एकमत झालं. पण मन्सूर एकदा बोलला की बोलला. हट्टी माणसाला हट्टाचा निदान एवढा तरी फायदा व्हावा.

पुढे त्याला चक्कर यायला लागली. बसल्या जागेवरून उठला की घर फिरायचं. समुद्रावरून आलेल्या माणसाला जमीन हलल्यासारखी वाटते, हे मिरकरवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे सगळा दोष त्याने जमिनीच्या माथी मारला. बायको इशरत काळजीने विचारायची, तर म्हणायचा, कालच उतरलोय, हलणारच. प्रेशरच्या दोन गोळ्या ती नेमाने रोज त्याच्या हातावर ठेवायची आणि तो त्या मुकाट गिळायचा.

मग एकदा चक्कर भर समुद्रात आली. जाळं ओढायची वेळ झाली म्हणून तो पटकन उठला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जुन्या दादू खलाशाने कमरेला मिठी मारली म्हणून तो निदान बोटीतच पडला. अंग बिडी मागतंय तांडेल, एक ओढा, बरं वाटेल, असं म्हणत दादूने प्रेमानेच बिडी पुढे केली. मन्सूरने ती घेतली. मनातून तो पार हादरला होता. तांडेलाला चक्कर येते म्हटल्यावर त्याच्या भरवशावर बोटीत पाय कोण ठेवणार? बिडी धरावी तर बोट राहील, असंच त्याला वाटलं. तरी त्याने ती न पेटवता परत दिली.

किनाऱ्याला लागल्यावर तो डॉक्टर रेणुका सुर्व्यांकडे गेला. त्यांनी आधी बसवून, मग उभं करून प्रेशर मोजलं. उभं राहताच ते बरंच खाली आलं. बिडी नसा आवळायची, ती सुटली, त्यात वजनही उतरलं आणि गोळ्या मात्र जुन्या मापाच्याच राहिल्या, असं त्यांनी समजावलं. सगळ्यांचंच असं होत नाही, बिडी सोडून वजन वाढलं तर प्रेशर चढतंही, म्हणून मोजायला यायचं असतं.

"मग टाकतो दोन्ही गोळ्या समुद्रात," मन्सूर खुशीत म्हणाला.

"एक बंद. दुसरी चालू. आणि मी पुन्हा मोजेपर्यंत समुद्रही बंद."

पावसाळी मासेमारीबंदी तोंडावर आलेली, मोजक्याच फेऱ्या उरलेल्या आणि हे ऐकायचं. पाहुण्यांकडे लग्न आहे असं सांगायचं ठरवून तो जेटीवर गेला. खलाशी वाट बघत उभे होते. त्यांच्या तोंडाकडे बघून त्याला खोटं बोलवेना. आपल्याला चक्कर येते, एक गोळी बंद केलीय, ही फेरी दादू नेईल, असं त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

दादूने त्याला बाजूला घेतलं. "लोक म्हणतील, मन्सूर संपला."

"म्हणू देत. चक्कर येऊन पाण्यात पडलो असतो तरी तेच म्हणाले असते."

दादूने सुकाणू धरलं. बोट बंदराबाहेर निघाली तेव्हा मन्सूरला भरून आलं. इतक्या वर्षांत आपली बोट मागून कशी दिसते, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.