तीन मोटरींचा एक खटला

छबूबाईला नगरच्या कोर्टात एकच ऐकायचं होतं. पोरगं आता सुटतंय, का अजून तीन वर्षं आत?

पोरगं म्हणजे बिभीषण. पुणतांब्याला नदीकाठच्या तीन शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटरी त्यानं चोरल्या. चोरल्याच, खोटं कशाला बोला. तालुक्याच्या कोर्टानं एकेका मोटरीला तीन वर्षं, अशी नऊ दिली. एक शिक्षा संपली की पुढची सुरू. त्यातली सहा भोगून झाली होती, वर दोन महिने.

आणि तिला टेम्पोतून आणलं कुणी, तर काकासाहेबांनी. तिसऱ्या मोटरीचे मालक! नगरला कांदा विकायला आणायचाच होता. "माझ्या मोटरीचं काय करत्यात ते बघतो की मी बी," असं रस्ताभर चाललेलं.

सरकारी वकील उठले. "चोऱ्या तीन, मालक तीन. प्रत्येक शिक्षा वेगळी भोगायलाच पाहिजे."

काकासाहेबांनी जोरात मान हलवली. छबूबाईनं त्यांना कोपरानं ढोसलं.

मग यामिनी वकील. गरिबाला सरकार फुकट देतं, त्या. "साहेब, चोऱ्या तीन, पण खटला एकच चालला. खालच्या कोर्टाला एका गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षं देता येतात. एकाच खटल्यात शिक्षा एकापुढं एक लावल्या, तरी बेरीज त्याच्या दुपटीवर नेता येत नाही. कायद्यातच आहे. म्हणजे सहा."

"तीन वेगळे खटले चालले असते तर?" जजसाहेबांनी विचारलं.

"तर ही मर्यादा लागली नसती. पण पोलिसांनी तिन्ही चोऱ्या एकातच घेतल्या."

काकासाहेब छबूबाईच्या कानाशी वाकले. "बघ! मी तवाच हवालदाराला म्हनलं हुतं, माझी केस वेगळी करा. तर म्हनला, कशाला कागद वाढवता काकासाहेब."

"लई भला मानूस."

"भला? आळशी हुता आळशी!"

"ओ, गप बसा मागं," शिपाई खेकसला.

जजसाहेब म्हणाले, ही मर्यादा शिक्षा देणाऱ्या कोर्टाच्या अधिकाराला आहे, गुन्हे किती का असेनात. नऊची सहा केली. सहा भोगून झालीत, सोडा.

छबूबाईला बाकीचं अर्धंमुर्धं कळलं. 'सोडा' पक्कं कळलं.

बाहेर आल्या आल्या काकासाहेब फुगले. "म्हंजी माझी मोटर फुकटातच गेली."

"अजून तीन वर्षं ठिवला असता तर मोटर वापस आली असती व्हय?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय... राग येतो की."

"यिऊ द्या. त्यो आला की त्याच्यावर काढा. मी मधी पडनार न्हाई."

यामिनीताई म्हणाल्या, "मावशी, हुकूम कोर्टच जेलला पाठवतं. तुम्ही घरी जा निवांत."

"पाठवू द्या. मला बी एक नक्कल पाहिजे, शिक्क्याची. मी सोता घिऊन जाते नाशिकच्या जेलात."

नक्कल मिळायच्या खिडकीपाशी ती पायरीवर बसली आणि फडक्यातली भाकरी सोडली.

"संध्याकाळ व्हईल बाई," काकासाहेब म्हणाले.

"व्हऊ द्या." अर्धी भाकरी, वर ठेचा, तिनं त्यांच्यापुढं धरली.

काकासाहेबांनी घड्याळ बघितलं. मग भाकरी घेतली आणि टेम्पो सावलीत लावायला गेले.