दोन्ही हातांचा आशीर्वाद

मंगळवार, ११ ऑक्टोबर २०२२, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. सीमा ओलांडून कझाक बाजूला आलेल्या त्या जुन्या गाडीत माणसे दोन होती आणि फोन एक. निवृत्त भूमापक शेरमत गाडी चालवत होते. फोन पत्नी जिदेगूलच्या हाती होता. परक्या मुलुखाचे नियम त्यांनी निघण्यापूर्वीच वाचले होते : चालकाने चालत्या गाडीत फोन हाती धरायचा नाही.

घाटात धुके उतरले होते. कडेचे घोडे पायांवाचून तरंगत असल्यासारखे दिसत. रस्ता कुठून सुरू झाला याचाही विसर पडावा, अशी ती शांतता होती.

फोन वाजला; जिदेगूलने स्पीकर लावला. मायदेशी, बिश्केकच्या रुग्णालयातून शेरमतांची थोरली बहीण उमसुनाई बोलत होती. दहाला तिची शस्त्रक्रिया होती. त्याआधी धाकट्या भावाला प्रवासाची बाता, म्हणजे थोरांचा आशीर्वाद, द्यायचा तिचा हट्ट होता. पुन्हा तो आवाज ऐकू येईल की नाही, या धास्तीने शेरमतांनी सारे लक्ष फोनकडे लावले.

"हात पसरलेस का रे?" तिने विचारले.

"पसरले, आपा."

आणि खरोखरच पसरले! साठ वर्षांची सवय. बाता सुरू झाली की तळवे आपसूक आभाळाकडे होतात. गाडी अलगद, स्वप्नात वाहावी तशी, घोड्यांकडे वाहू लागली.

"अहो, चाक!" जिदेगूलने झेप घेऊन ते वळवले. "फोन माझ्या हातात, आणि तुमचे हात देवाच्या दारात! कायदा काय फोनला धरून बसलाय? हातांना धरून बसलाय तो!"

थोरांची बाता मध्येच तोडणे हा मोठा अपशकुन. शेरमत क्षणभर घुटमळले.

"आपा, थांब. मी गाडी चालवतोय."

पलीकडून उमसुनाई कडाडली, "मग आधी बोलला का नाहीस, गाढवा? आज माझं पोट उघडणार आहेत, तुझं डोकं नव्हे! लाव कडेला. डॉक्टर थांबतील."

गाडी कडेला लागली, इंजिन निमाले. धुक्यात दोघांनी तळवे पसरले. थकलेला आवाज पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू झाला : वाट पांढरी, निर्विघ्न असो, परतीचा उंबरठा उबदार असो. शेवटी, बाता पूर्ण झाल्याची खूण म्हणून, तिघांनीही तोंडावरून हात फिरवले.

उमसुनाई शुद्धीवर आली, तेव्हा दुपारचे दोन वाजून पाच मिनिटे झाली होती.